बारीक बोअरच्या काडतुसांची कैफियत

छंद म्हणून नेमबाजी करणाऱ्या, आणि त्यातही आपली काडतुसे आपल्याच हाताने भरण्याची हौस बाळगणाऱ्या अमेरिकन गृहस्थापुढे गेली नव्वदाहून अधिक वर्षे एकच प्रश्न वेष पालटून उभा राहत आला आहे : बारीक बोअरच्या सेंटरफायर काडतुसांपैकी आपण पत्करावे ते कोणते? जाहिरातदारांनी या प्रश्नाला वेगाच्या आकड्यांनी उत्तर दिले, जुन्या जाणत्यांनी आपल्या तारुण्यातल्या रायफलींच्या आठवणींनी दिले, आणि बाजाराने या दोघांचीही भीड न ठेवता तिसऱ्याच रीतीने दिले. त्या उत्तरांची छाननी करावी, एवढाच या लेखाचा मर्यादित हेतू आहे. बारीक बोअर ही संज्ञा येथे गोळीचा व्यास .१७२ ते .२४३ इंच असलेल्या काडतुसांपुरती घेतली आहे. त्यापलीकडचा प्रांत मोठ्या शिकारीचा, आणि त्याचा सातबारा वेगळा.

महाराष्ट्रात नेमबाजीचे नाव निघाले की अंजली भागवत, २०१० साली म्युनिकला जगज्जेतेपद मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात कांस्यपदक पटकावणारे राधानगरी तालुक्यातले स्वप्नील कुसाळे यांचे स्मरण होते. परंतु या मंडळींच्या हातची रायफल एक तर हवेच्या दाबावर चालणारी, नाही तर .२२ रिमफायर जातीची. रिमफायर काडतुसात पेट घेणारा मसाला पुंगळीच्या तळाशी असलेल्या कडेच्या पोकळ घडीत पसरलेला असतो, घोड्याची सुई ती कडच चेपून टाकते, आणि पुंगळी एकदा उडाली की कायमची कामातून जाते. सेंटरफायरमध्ये मसाल्याची टोपी तळाच्या मध्यावरील खळग्यात स्वतंत्रपणे बसवलेली असते. उडालेली टोपी काढावी, नवी दाबावी, दारू मापून ओतावी, वर गोळी बसवावी, की तेच पितळ पुन्हा सेवेत रुजू. हाताने काडतुसे भरण्याच्या साऱ्या छंदाचे मूळ या एवढ्याशा भेदात आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये दारूगोळा तयार करण्यास सरकारी परवाना लागतो, तेव्हा हा छंद पुण्या-मुंबईच्या सदनिकेत रुजण्याचे भय नाही. अमेरिकेत वसलेल्या मराठी माणसाला मात्र तो शेजाऱ्याच्या गॅरेजात, भिंतीलगतच्या बाकावर, सहज पाहावयास मिळू शकतो.

त्या बाकावरचे वजन ग्रेनमध्ये चालते. आपल्या सराफकट्ट्याला हे माप अपरिचित नाही, कारण कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकात तोळा ठरवून दिला तो १८० ग्रेनांचा; म्हणजे .२२ हॉर्नेटची ४५ ग्रेनांची गोळी बरोबर पाव तोळ्याची. दारूचा हिशेब तर ग्रेनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत, सुमारे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत करावा लागतो. टोपीच्या बाबतीत इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे : अमेरिकेत चालते ती टोपी बॉक्सर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची, आणि युरोपने दीर्घकाळ पत्करली ती बर्डन नावाच्या अमेरिकनाची. बॉक्सरच्या रचनेत ठिणगीचे छिद्र एकच आणि मध्यभागी असल्यामुळे साच्यातली सुई तोंडातून खाली उतरून उडालेली टोपी एका दाबात बाहेर ढकलते. बर्डनच्या रचनेत बाजूला दोन छिद्रे आणि मध्ये ऐरणीसारखा उंचवटा असल्याने ते काम किचकट होऊन बसते. अमेरिकेत हा छंद घरोघरी पसरला आणि युरोपात तो मोजक्यांचा राहिला, याच्या कारणांत या छिद्राचाही वाटा आहे, असे माझे मत आहे.

आता काडतुसांकडे वळू. त्यांच्या वंशावळीचा आरंभ .२२ हॉर्नेटपासून करण्याचा शिरस्ता आहे आणि तो योग्यच आहे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेच्या परिसरातील टाउनसेंड व्हेलन, कॅप्टन वॉटकिन्स आदी हौशी अधिकाऱ्यांनी काळ्या दारूच्या जमान्यातले, १८८५ च्या सुमाराचे .२२ विंचेस्टर काडतूस हाती घेतले, त्यात धूररहित दारू आणि आवरणाची गोळी घातली, आणि अंगणातल्या हौसेतून एक नवेच अपत्य जन्माला घातले. विंचेस्टर कंपनीने १९३० साली हे काडतूस विक्रीस आणले तेव्हा त्यासाठी कारखान्यात बनलेली एकही रायफल बाजारात नव्हती. घोडा यायचा होता, खोगीर आधी आले. ४५ ग्रेनांची गोळी सेकंदाला सुमारे २,७०० फूट वेगाने फेकणारे हे काडतूस आवाजाने सौम्य, धक्क्याने नगण्य आणि दारूच्या बाबतीत इतके मितव्ययी की एका पौंडात, म्हणजे ७,००० ग्रेनांत, पाच-सहाशे काडतुसे सहज निघावीत. पूर्व अमेरिकेतल्या दाट वस्तीच्या शेतीभागात शेताच्या बांधाखाली बिळे पोखरणारे वुडचक मारण्यास ते रूढ झाले, याचे मुख्य कारण हे की शेजाऱ्याची झोपमोड होत नसे.

परंतु हॉर्नेट भरणे हे उतावळ्याचे काम नव्हे. त्याची पुंगळी लांब, निमुळती आणि तोंडाशी इतकी पातळ असते की गोळी किंचित तिरकी टेकली आणि प्रेसचा दांडा दाबला, तर मान कागदासारखी चुरगळते. तोंड आतून तासून किंचित पसरट केल्याशिवाय सपाट बुडाची गोळी आत उतरतच नाही. शिवाय पोट लहान, त्यामुळे दारूत ग्रेनाच्या दहाव्या हिश्शाची चूक झाली तरी ती एकूण भरणीच्या जवळजवळ शेकडा एक इतकी होते, जी चूक .२२-२५० सारख्या मोठ्या पुंगळीत शेकडा एक-तृतीयांशही भरत नाही. पहिल्या पिढीतल्या हॉर्नेट रायफलींच्या नळ्या .२२३ इंची गोळीसाठी होत्या, पुढे .२२४ चा प्रघात पडला. जुनी रायफल विकत घेणाऱ्याने नळी मोजून घेतल्यावाचून गोळ्यांची पेटी फोडू नये. एवढे असूनही, किंबहुना एवढे असल्यामुळेच, ज्यांना भरणीच्या कामातच रस आहे अशा माणसांचा हॉर्नेटवरचा जीव कमी झालेला नाही.

हॉर्नेटनंतर पाचच वर्षांनी विंचेस्टरने .२२० स्विफ्ट आणले आणि वेगाच्या शर्यतीला तोंड फुटले. अमेरिकी आरमाराच्या १८९५ च्या ६ मिलिमीटर ली रायफलीची पुंगळी आवळून बनवलेल्या या काडतुसाच्या ४८ ग्रेनी गोळीचा जाहीर वेग ४,११० फूट प्रतिसेकंद होता, आणि कारखान्याने भरलेल्या कोणत्याही रायफल-काडतुसाने तोवर ही मजल गाठली नव्हती. चार हजारांच्या त्या आकड्याने लोकांचे डोळे दिपले, आणि काही वर्षांतच कुरकुर सुरू झाली की नळीचा गळा, म्हणजे चेंबरच्या (काडतूस बसते त्या खणाच्या) लगेच पुढचा भाग, जळून जातो. यात स्विफ्टची बदनामी वाजवीपेक्षा अधिक झाली, कारण नळी तापू न देता सावकाश नेम धरणाऱ्याच्या हाती ती बरीच टिकते. परंतु तक्रार निराधारही नव्हती. एवढ्या बारीक छिद्रातून एवढी दारू जाळली की ज्वाळेचा सारा मारा त्या दोन-तीन इंचांवर येतो, मग काडतुसाचे नाव काहीही असो.

स्विफ्टचा खरा प्रतिस्पर्धी मात्र बिननावाचा होता. चार्ल्स न्यूटन यांनी आखलेल्या आणि सॅव्हेज कंपनीने १९१५ च्या सुमारास आणलेल्या .२५०-३००० या काडतुसाची मान .२२ पर्यंत आवळून अनेक बंदूककारांनी तीसच्या दशकात आपापली रूपे काढली, त्यांपैकी जे. ई. गेबी यांनी आपल्या रूपाला ‘व्हार्मिंटर’ हे नाव नोंदवून घेतले. कोणत्याही कारखान्याची सनद नसलेली अशी काडतुसे ‘वाइल्डकॅट’, म्हणजे रानमांजर, या नावाने ओळखली जातात. हे रानमांजर तब्बल तीस वर्षे गॅरेजातल्या बाकांवरच जगले, वाढले, आणि अखेर १९६५ साली रेमिंग्टनने त्याला .२२-२५० या नावाने कारखान्यात दाखल करून घेतले. त्याच्या आदल्याच वर्षी विंचेस्टरने स्विफ्टला निवृत्त करून .२२५ हे नवे काडतूस पुढे केले होते. त्याचे नाव आज संग्राहकांखेरीज कोणी घेत नाही. हौशी माणसांनी तीन दशके ज्याची भरणी वह्यांत टिपून ठेवली होती, त्या काडतुसासमोर एका कंपनीच्या जाहीरनाम्याचा पाड लागला नाही.

वेगाच्या या पंथाचा हिशेब एकदा रोख मांडून पाहावा. .२२३ रेमिंग्टनच्या पुंगळीत सुमारे २८ ग्रेन पाणी मावते, .२२-२५० मध्ये सुमारे ४४. म्हणजे पोट शेकडा पंचावन्नहून अधिक मोठे. त्या बदल्यात ५५ ग्रेनांच्या एकाच वजनाच्या गोळीला वेग मिळतो ३,२४० च्या जागी ३,६८० फूट, म्हणजे शेकडा चौदापेक्षा कमीच. दारू दीडपट, आवाज मोठा, नळीचे आयुष्य निम्म्यावर, आणि पदरात काय पडले, तर शंभर-दीडशे पावले अधिक लांबवर सपाट जाणारी गोळी. वायव्येकडच्या मोकळ्या माळरानावर, जेथे वारा थांबत नाही आणि लक्ष्य चारशे यार्डांवर असते, तेथे हा सौदा समर्थनीय ठरेल. कागदाच्या निशाणावर शंभर यार्डांवरून समाधान मानणाऱ्याला तो परवडणारा नाही.

१९५० साली रेमिंग्टनच्या माइक वॉकर यांनी .२२२ आणले, तेव्हा प्रथमच कोणी वेगापेक्षा प्रमाणबद्धतेचा विचार अग्रभागी ठेवला. हे काडतूस कोणा पूर्वजाची मान आवळून केलेले नव्हते. ते मुळापासून नवे आखलेले होते : नेमस्त पोट, गोळीला नीट धरून ठेवणारी लांब मान, लहान टोपी, आणि ५० ग्रेनांच्या गोळीला सुमारे ३,१४० फूट वेग. वॉकर स्वतः बेंचरेस्टचे खेळाडू होते, म्हणजे रायफल बाकावरच्या वाळूच्या पिशव्यांवर टेकवून पाच गोळ्यांची छिद्रे शक्यतो एकाच छिद्रात पाडण्याच्या त्या विलक्षण चिकाटीच्या खेळाचे. पुढची पंचवीस वर्षे या खेळात .२२२ चीच सत्ता चालली. त्याचा स्वभाव असा की भरणाऱ्याची लहानसहान चूक ते पोटात घालते. दारूचे प्रकार अनेक चालतात, मान लांब असल्याने गोळी सरळ बसते, आणि दाब मध्यम असल्याने तीच पुंगळी पुनःपुन्हा वापरता येते. नवशिक्याला भरणी शिकवायची तर याहून शहाणा गुरू मला दिसत नाही.

मग ते मागे का पडले? याचे उत्तर नेमबाजीत नाही, लष्करी दप्तरात आहे. अमेरिकन लष्कराला पन्नासच्या दशकाच्या अखेरीस हलकी, बारीक बोअरची रायफल हवी होती. आर्मालाइटच्या यूजीन स्टोनर यांच्या एआर-१५ साठी .२२२ चेच शरीर किंचित लांबवून, १.७०० इंचांचे १.७६० इंच करून, नवे काडतूस सिद्ध झाले, आणि १९६४ साली रेमिंग्टनने ते .२२३ या नावाने नागरी बाजारात आणले. व्हिएतनामच्या युद्धाबरोबर सरकारी कारखान्यांतून पुंगळ्यांचा पूर आला. ज्या हौशी माणसाला .२२२ च्या शंभर पुंगळ्यांसाठी दुकानदाराकडे खेटे घालावे लागत, त्याला .२२३ च्या हजार पुंगळ्या चाचणी-मैदानावर वाकून वेचता येऊ लागल्या. अचूकतेच्या कसोटीवर .२२२ कांकणभर सरस होते आणि आहे. पण पितळ ज्याच्या बाजूला, बाजार त्याच्या बाजूला. फ्रान्स आणि इटली या देशांत लष्करी काडतुसे नागरिकांना वर्ज्य होती, त्यामुळे .२२२ दीर्घकाळ तगून राहिले, यानेही हेच सिद्ध होते.

लष्करी पितळ फुकट मिळाले तरी त्याला काही अटी चिकटलेल्या असतात. टोपी गोळीबाराच्या धक्क्याने निसटू नये म्हणून तिच्याभोवती पितळ दाबून ठेवलेले असते. ती कड कापून किंवा दाबून साफ केल्याशिवाय नवी टोपी खळग्यात शिरत नाही. लष्करी ५.५६ आणि नागरी .२२३ ही बाहेरून सारखी दिसली तरी लष्करी चेंबरमध्ये गोळीपुढे अधिक मोकळी जागा असते, म्हणून ५.५६ चे काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये उडवल्यास दाब मर्यादेबाहेर जाण्याचा संभव आहे. आणि कोणाच्या बंदुकीतून उडाली हे ठाऊक नसलेली पुंगळी भरण्यापूर्वी तिची झडती घ्यावी : बारीक तारेचे टोक आकड्यासारखे वाकवून तोंडातून आत घालावे आणि आतल्या भिंतीवरून तळाकडे ओढत न्यावे, तळाच्या जरा वर टोक एखाद्या खाचेत अडकले, किंवा बाहेरून त्याच जागी फिकट चकचकीत वळे दिसले, तर ते पितळ ताणून पातळ झाले आहे आणि पुढच्या बारास दोन तुकडे होणार आहे. अशी पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाकावी, म्हणजे ती चुकून पुन्हा बाकावर येत नाही. भरणीचे आकडे या लेखात जाणूनबुजून दिलेले नाहीत. ते दारू आणि गोळी बनवणाऱ्यांच्या छापील पुस्तिकेतूनच घ्यावेत, आणि तेही खालच्या आकड्यापासून आरंभ करून.

आता पिळाकडे येतो, कारण या साऱ्या मामल्याची अर्धी गुरुकिल्ली तेथे आहे. नळीच्या आतल्या सर्पिल खाचा गोळीला गरगर फिरवतात आणि त्या फिरण्यामुळे गोळी नाक पुढे ठेवून जाते. किती इंचांत एक फेरा पूर्ण होतो, तो त्या नळीचा पीळ. आल्फ्रेड ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने १८७९ मध्ये सोपे सूत्र दिले : गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणावे आणि लांबीने भागावे. .२२४ व्यासाची पाऊण इंच लांबीची गोळी घेतली तर उत्तर सुमारे १० इंच येते. एक इंच लांबीची घेतली तर साडेसात. म्हणजे प्रश्न वजनाचा वाटला तरी असतो लांबीचा. एआर-१५ च्या पहिल्या नळ्यांत १४ इंचांत एक फेरा होता; थंड, दाट हवेत गोळी डगमगते असे दिसल्यावर तो १२ वर आणला गेला, आणि पुढे नाटोच्या ६२ ग्रेनी गोळीबरोबर येणाऱ्या लांबलचक प्रकाशगोळीसाठी तो ७ पर्यंत घट्ट झाला. या घट्ट पिळाने .२२३ चे भाग्य दुसऱ्यांदा उजळले. ओहायोतल्या कॅम्प पेरी येथील राष्ट्रीय सामन्यांत ६०० यार्डांवर ज्या काडतुसाला पूर्वी कोणी उभे केले नसते, तेच ८० ग्रेनांच्या लांब गोळीसह मोठ्या बोअरच्या रायफलींना मागे सारू लागले. ती गोळी बसवल्यावर काडतूस इतके लांब होते की मॅगझिनमध्ये मावत नाही, म्हणून एकेक करून हाताने चेंबरमध्ये घालावे लागते.

पिळात चूक झाली तर काय होते, याचा दाखला १९५५ सालाने देऊन ठेवला आहे. त्या एकाच वर्षी विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४ बाजारात आणले. गोळीचा व्यास दोघांचा एकच, आणि पुंगळी रेमिंग्टनची किंचित मोठी, म्हणजे कागदावर तीच वरचढ. परंतु विंचेस्टरने १० इंचांचा पीळ देऊन १०० ग्रेनांच्या गोळीची सोय केली, कारण तीच रायफल हरणालाही चालावी अशी गिऱ्हाइकाची इच्छा होती. रेमिंग्टनने १२ इंचांचा पीळ देऊन ती ९० ग्रेनांपर्यंत अडकवून ठेवली. गिऱ्हाइकाने .२४३ उचलले. रेमिंग्टनने १९६३ मध्ये पीळ ९ वर आणला, नावही बदलून ६ मिलिमीटर रेमिंग्टन केले, पण गेलेली पत परत आली नाही. एका चांगल्या काडतुसाचा असा बळी दोन इंचांच्या फरकाने गेला.

बेंचरेस्टमधील .२२२ ची सत्ता उलथली ती सत्तरच्या दशकाच्या मध्यास, लुई पाल्मिसानो हे डॉक्टर आणि फेरिस पिंडेल हे कारागीर यांच्या पीपीसी काडतुसांनी. आखूड, जाड पोट आणि तीव्र खांदा. दारूचा स्तंभ बुटका असला की ज्वलन एकसारखे होते, हे त्यामागचे तत्त्व. पण मूळ पुंगळी .२२० रशियन, म्हणजे ७.६२×३९ या सोव्हिएत लष्करी काडतुसाची नात. ती फिनलंडहून येणार, मग मान रुंद करायची, एकदा उडवून चेंबरच्या आकारात बसवायची, मानेची जाडी तासून एकसारखी करायची, आणि त्यानंतर खरी भरणी. स्पर्धकाला हे सारे मान्य असते, कारण त्याचे निशाण हजारांश इंचांत मोजले जाते. ६ मिलिमीटर पीपीसी आजही त्या बाकावरची राणी आहे आणि त्या बाकाबाहेर ती जवळजवळ कोठेच नाही.

.१७ आणि .२० यांचे थोडक्यात उरकतो. १९७१ च्या .१७ रेमिंग्टनने २५ ग्रेनांची गोळी ४,०४० फुटांवर नेली आणि २००४ च्या .२०४ रूगरने ३२ ग्रेनांची ४,२२५ वर. धक्का इतका कमी की दुर्बिणीतून आपल्याच गोळीचा आघात दिसतो, हे त्यांचे खरे आकर्षण. .१७ च्या नळीत तांब्याचा थर लवकर धरतो, साफसफाईची सळई बोरूसारखी बारीक लागते, आणि वारा सुटला की दोघींचीही त्रेधा उडते, त्यातल्या त्यात .२०४ अधिक समंजस. अलीकडच्या .२२४ व्हाल्किरीसारख्या, ९० ग्रेनांच्या अतिलांब गोळ्यांसाठी जन्मलेल्या काडतुसांविषयी निवाडा देण्याची घाई मी करणार नाही. त्यांची पुंगळी दहा वर्षांनीही दुकानात मिळते की नाही, हे आधी पाहू.

एकच रायफल घ्यायची असेल तर .२२३ घ्यावी, हे उत्तर कंटाळवाणे खरे, पण माझे तेच आहे. भरणी हाच ज्याचा मुख्य आनंद आणि जो एका बैठकीत पन्नास पुंगळ्यांवर समाधानी, त्याने .२२२ चा अव्हेर करू नये. शांत गावात राहणाऱ्याने आणि हलक्या हाताच्या माणसाने हॉर्नेट. माळरानावरच्या वाऱ्याशी ज्याला झुंजायचे आहे त्याने .२२-२५०. स्विफ्ट ज्याच्या घरी वारशाने आली त्याने ती प्रेमाने वापरावी, नवी कोणी विकत घेऊ नये. जुनी रायफल घेताना मात्र विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. रायफल रिकामी असल्याची प्रथम खात्री करावी, बोल्ट काढून ठेवावा, फिरत्या मुठीच्या सळईला घट्ट फडके लावून ती नळीत सारावी, सळईवर एक खूण करावी, आणि ती खूण एक पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर येईपर्यंत सळई किती इंच आत गेली ते मोजावे. तो आकडा वहीत लिहिल्यावरच गोळ्यांच्या दुकानाची पायरी चढावी.